नाथाच्या टेकडीची फेरी

पेन्शनीत निघाल्यावर आबासाहेबांना पळायचं खूळ लागलं. भिंगारच्या लष्करी कचेरीत त्यांनी उभी हयात हेडक्लार्कच्या खुर्चीत काढली होती. हाताशी असलेली फाईल हवी झाली तरी शिपायाला हाक मारायचे. ते आता खाकी हाफ पँट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट चढवून भल्या सकाळी नाथाच्या टेकडीकडे निघायचे. त्या पँटीतून खाली आलेल्या काटक्या बघून त्यांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना, देवापुढे वात लावतानासुद्धा हसू आवरत नसे.

टेकडीभोवती वनखात्याने रोपं लावण्यासाठी गोल पायवाट काढली होती. रोपं दुष्काळात जळाली, वाट तेवढी राहिली. माथ्यावर नाथाचं देऊळ. देवळाच्या पायऱ्या जिथे वाटेला मिळतात, तिथून निघायचं, थोडं चढायचं, थोडं उतरायचं आणि टेकडीला वळसा घालून पुन्हा पायऱ्यांशी यायचं.

"एवढं पळून पोचता कुठे?" मनकर्णाबाईंनी एकदा विचारलं.

"जिथून निघालो तिथेच. गोल वाट आहे ती."

"मग निघता कशाला?"

आबासाहेब बुटाची नाडी बांधत राहिले.

"सगळा मुलूख खडी फोडायला गेलाय," बाई पुढे म्हणाल्या. "लोक घाम गाळतात ते दोन घास मिळावेत म्हणून. तुम्ही गाळा, खाल्लेलं जिरावं म्हणून. चांगलं आहे. कुणा मेजरसाहेबाला पळताना बघितलं असेल, झालं! त्यानं शेपूट लावलं तर तुम्ही शेपूट लावाल."

खरी गोष्ट अशी, की आबासाहेबांना साखरेचा आजार निघाला होता. डॉक्टर दर आठवड्याला त्यांची लघवी निळ्या औषधात घालून दिव्यावर उकळायचे. औषध निळं राहिलं तर बरं, विटकरी झालं तर वाईट. थोरल्या दिरांचा याच आजारात पाय कापला होता आणि वर्षाच्या आत ते गेले होते. जाऊबाईंचं मोकळं कपाळ मनकर्णाबाईंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. त्यांना भीती वाटायची, आणि भीती वाटली की त्यांची जीभ जास्तच चालायची.

पळण्याने साखर उतरते यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. विश्वास होता तो नाथावर. त्यांनी देवघरात बसून नवस बोलला: यांची साखर उतरेपर्यंत टेकडीला प्रदक्षिणा घालील त्याला ओंजळ ओंजळ रेवडी. आबासाहेबांना सांगायची सोय नव्हती. नवस म्हटलं की ते 'अडाणी बायकांचा बाजार' म्हणून नाक मुरडायचे. तेव्हा गनीभाई टांगेवाल्याच्या हाती रेवड्यांचा पितळी डबा देवळात जाऊ लागला. तिथे लंकाबाई नावाची म्हातारी गुरवीण दिवाबत्ती करायची. नवसाची अट गनीभाईने तिला नीट समजावून दिली.

महिनाभरात औषधाचं पाणी निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं. आबासाहेब रोज जास्त पळू लागले, दोन दोन फेऱ्या घालू लागले, आणि पाणी नारिंगी झालं. "आता विटकरी दिसलं की रोज सुई," डॉक्टर म्हणाले.

"बघा! पळा अजून," मनकर्णाबाई घरी येऊन म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

नवसात काही कमी पडलं असणार, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी आबासाहेब गेल्यावर त्यांनी गनीभाईचा टांगा जोडायला लावला आणि नाथाची टेकडी गाठली. लंकाबाई पायरीवर बसली होती, शेजारी तो पितळी डबा.

"लोक येतात ना फेरीला?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"कुठले लोक, बाई? समदी दुष्काळी कामावर गेल्यात. कुत्रं फिरकत न्हाई इकडं."

"मग रेवडी?"

"एक भगत हाय ना! लई मोठा. रोज पळत फेरी घालतो. चालत न्हाई, पळत! आता तर दोन दोन घालतोय."

तेवढ्यात वळणावरून हाफ पँट उगवली. आबासाहेब धापा टाकत पायरीशी थांबले. त्यांचं बायकोकडे लक्षच गेलं नाही. लंकाबाईने डब्यात हात घातला. स्वतःच्या घरातला डबा ओळखतो तो नवरा कसला! त्यांनी निमूटपणे ओंजळ पुढे केली, रेवडी कपाळाला लावली आणि एक एक तोंडात टाकू लागले.

"अहो!" मनकर्णाबाई ओरडल्या. "साखर आहे ना तुम्हाला!"

आबासाहेब दचकले. त्यांनी रेवडी लपवायला जागा शोधली, पण हाफ पँटीला खिसा नव्हता.

"ओरडू नकोस," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कुणा अडाणी बाईने नवऱ्याच्या दुखण्यासाठी नवस बोललाय म्हणे. इथे माझ्याशिवाय कुणी येत नाही. मी नको म्हटलं तर त्या बिचारीचा नवस फुकट जाईल. आपल्याला पटत नाही, पण तिचा जीव अडकलाय ना त्याच्यात. म्हणून खातो. आणि खाल्लेलं जिरावं म्हणून आणखी एक फेरी घालतो."

"अन् त्या दुसऱ्या फेरीची बी देते मी वंजळ," लंकाबाई म्हणाली. "फेरीगनिक द्यायची, असं सांगितलंय."

मनकर्णाबाईंनी नवऱ्याच्या ओंजळीतली उरलेली रेवडी काढून आपल्या पदरात बांधली. मग नऊवारीचा ओचा वर खोचला, चपला पायरीवर काढल्या आणि वाटेला लागल्या.

"अगं, निघालीस कुठे?" आबासाहेबांनी विचारलं.

"फेरीला," त्या मागे न बघता म्हणाल्या. "उद्यापासून रेवडी मी खाणार. तुम्ही नुसतं पळा."