काडीपेटीची ओळ

मी एक जुना टाइपरायटर आहे, आणि माझ्यामुळे एक निरपराध माणूस आठ वर्षे तुरुंगात राहिला. मित्रांनो, आपले आत्मवृत्त सांगणारे आधी जन्म सांगतात, मग पराक्रम. मी आधी गुन्हा सांगून टाकला. नाहीतर माझ्या काळ्या चकचकीत अंगाचे वर्णन ऐकून मी तुम्हाला आवडू लागलो असतो.

जन्म थोडक्यात सांगतो. एका दूरच्या कारखान्यात मी तयार झालो, बोटीने मेक्सिकोला आलो आणि डोंगरातल्या सान मार्सियाल गावात अबुंदिओ मास्तरांच्या टेबलावर स्थिरावलो. टेबल चौकातल्या कमानींखाली होते. गावात लिहिता येणारे थोडे आणि लिहून हवे असणारे पुष्कळ, त्यामुळे आमच्यापुढे सकाळपासून रांग असे.

मास्तरांची एक खुबी होती. गिऱ्हाईक तीन शब्द बोले, मास्तर तीस ओळी लिहीत. एकदा एक खेचरवाला आला आणि म्हणाला, "तिला कळवा, मी येतोय." मास्तरांनी दीड पान लिहिले. त्यात चंद्र होता, दरी होती, थकलेल्या खेचराचे उसासेसुद्धा होते. वाचून दाखवल्यावर खेचरवाला डोके खाजवत म्हणाला, "मास्तर, हे सगळं मी म्हणालो?"

"तुझ्या मनात होतं. मी फक्त बाहेर काढलं."

लग्न जमले. गावात मास्तरांचे नाव झाले आणि माझेही. त्या कौतुकाने मी फुगलो. दुसऱ्याच्या तोंडात आपले शब्द घालणे ही केवढी भयंकर कला आहे, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नाही.

क्रिसोफोरो आमच्याकडे वर्षातून एकदाच येई. तो शोभेची दारू बनवायचा. संत मार्सियालच्या जत्रेत चौकात बांबूचा उंच किल्ला उभारायचा आणि त्याची चौदा चक्रे पेटवायची, हे त्याचे काम. त्यासाठी परवानगीचा अर्ज लागे. अर्जात दरवर्षी एक ठरलेले वाक्य असे: 'मी कामाच्या जागी किंवा अंगावर काडीपेटी बाळगत नाही.' हे वाक्य मी सलग अकरा वर्षे छापले. रोजचा नमस्कार जसा न ऐकता घेतात, तसे ते आम्ही न वाचता छापत असू. क्रिसोफोरो मात्र ते पाळत होता. त्याच्या घरात चूलसुद्धा शेजारच्या निखाऱ्यावर पेटे.

पुढे समोरच्या तपास कचेरीतला कारकून सोडून गेला आणि तिथले मुख्य, बारागान साहेब, यांनी मास्तरांना त्याच्या जागी बोलावले. कचेरीचे यंत्र मोडके होते, म्हणून मीही गेलो. सरकारी खोलीत बसायला मिळाले याचा मला अभिमान वाटला. तोही लिहून ठेवा.

मग गावाच्या धान्यकोठाराला आग लागली. नाबोर नावाचा म्हातारा राखणदार तीत जळून मेला. आग कशाने लागली हे आजही कुणाला ठाऊक नाही. पण वरून साहेबांना रोज विचारणा होऊ लागली, आणि साहेबांनी क्रिसोफोरोला आणले.

"साहेब, मी घरी होतो. किल्ला बांधत होतो."

"गावात दारू कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"मग झालं की. निम्मं तर तूच सांगितलंस."

तीन दिवस हेच चालले. त्याला झोपू दिले नाही. बायकोलाही आणून बसवू, असे सांगितले. तरी तो नाहीच म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी आवाज मऊ केला. "परवा शनिवारी जत्रा ना रे? किल्ला कोण पेटवणार? संताला काय सांगायचं, क्रिसोफोरो कुठंय म्हणून?"

क्रिसोफोरोने पहिल्यांदाच मान वर केली.

"हो म्हण, अंगठा दे, घरी जा. किल्ला पेटव. सोमवारी न्यायाधीशांपुढे काय खरं असेल ते बोल."

क्रिसोफोरोने साहेबांकडे पाहिले नाही. त्याने मास्तरांकडे पाहिले. "सोमवारी खरं सांगता येईल ना, मास्तर?"

मास्तर माझ्यात कागद सरळ करत होते. कागद सरळच होता. "येईल," ते म्हणाले.

"मग हो."

मित्रांनो, त्या माणसाच्या कबुलीत त्याचा स्वतःचा शब्द एवढाच. बाकीची तीन पाने आमची. मास्तरांनी सिगारेट पेटवली, काडीपेटी माझ्या शेजारी ठेवली आणि लिहायला बसले. तिसऱ्या पानावर ते जरा अडले. कोठार पेटवायचे होते, पण कशाने? त्यांची नजर इकडेतिकडे फिरली आणि माझ्या शेजारी थांबली. 'मी खिशातून काडीपेटी काढली,' असे त्यांनी लिहिले.

"वा मास्तर," साहेब म्हणाले, "डोळ्यांसमोर उभं राहतं."

मी याआधी पुष्कळदा अडलो होतो. उन्हाळ्यात अडलो होतो, धुळीने अडलो होतो, एका विधवेच्या पत्रात सात वेळा अडलो होतो. त्या दुपारी माझे एकही अक्षर अडकले नाही. काडीपेटी या शब्दावरसुद्धा मी लोण्यासारखा चाललो.

पाने वाचून न दाखवताच अंगठा घेतला, पण घरी कुणी सोडले नाही. शनिवारी संध्याकाळी क्रिसोफोरोची बायको तोमासा किल्ल्यापाशी उभी राहिली. कचेरी सुटल्यावर आम्ही नेहमीसारखे कमानींखाली बसलो होतो. कुणीतरी तिच्यापुढे काडीपेटी धरली.

"ती आधी लांब घेऊन जा," ती म्हणाली. "आमच्या घरात ही येत नाही, माहीत नाही का तुला?"

तिने सुती दोरीचे धुमसते टोक लावले आणि चौदाही चक्रे फिरली. सगळे वर बघत होते. मास्तरांनी आपली काडीपेटी हळूच खिशात घातली आणि माझ्यावर झाकण टाकले.

सोमवारी क्रिसोफोरोने खरे सांगितले. न्यायाधीश दूरच्या शहरातले होते. ते म्हणाले, "इतका बारीक तपशील कोणी रचून सांगत नाही." त्याला बावीस वर्षांची शिक्षा झाली.

मास्तर सहा वर्षे गप्प राहिले. बोललो तर आपणच आत जाऊ, ही भीती होती. मीही गप्प होतो. माझ्याजवळ तेवढेसुद्धा कारण नाही. यंत्र आहे, काय करणार, असे तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच सांगत होतो.

तुरुंगात क्रिसोफोरोजवळ एकच छापील वस्तू होती, आमच्या तीन पानांची प्रत. वाचायला तो तिच्यावरच शिकला. त्याने पहिला वाचलेला शब्द 'मी' होता. तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत सहावे वर्ष उजाडले. भेटीच्या दिवशी त्याने तोमासाला काडीपेटीचे वाक्य वाचून दाखवले, आणि दुसऱ्याच दिवशी ती आमच्या टेबलापुढे उभी राहिली. गिऱ्हाईक उठून गेले. ती बसली नाही.

"मास्तर, काडीपेटी कुणाची?"

"तोमासाबाई, बसा तरी. पाणी घ्या."

"पाणी माझ्या घरात आहे. काडीपेटी नाही. म्हणून विचारते, कुणाची?"

मास्तरांनी खिशात हात घातला आणि ती टेबलावर ठेवली. "माझी," ते म्हणाले.

"हे मला सांगून काय उपयोग? छापा."

तीस ओळी लिहिणाऱ्या मास्तरांनी त्या दिवशी सहा ओळी लिहिल्या. मी चार वेळा अडकलो. या वेळी माझी चूक नव्हती, त्यांची बोटे एकदम दोन-दोन बटणांवर पडत होती. त्यांनी सही केली आणि शहरात जाऊन साक्ष दिली. परवानगीचे अकरा अर्जही सापडले. तरी न्यायालयाला आणखी दोन वर्षे लागली. मास्तरांची कचेरीतली नोकरी गेली. त्यांना आणखी काही झाले नाही. साहेबांना तर बढती मिळून गेली होती.

सुटून आल्यावर चौथ्या दिवशी क्रिसोफोरो कमानींखाली आला. केस पांढरे झाले होते. मास्तर उठले. त्यांनी आपली खुर्ची त्याच्यापुढे सरकवली.

"बसा," क्रिसोफोरो म्हणाला. "लिहायचंय. मी सांगतो तेवढंच."

त्याने सांगितले आणि मी छापले. 'आग लागली त्या दिवशी मी घरी होतो. नववे चक्र बांधत होतो. माझी दाढ दुखत होती. तोमासाने मला गरम पेज दिली.'

मास्तरांची बोटे बटणांवर थांबली. "आणखी?"

"आणखी काही नाही. तेवढंच झालं होतं."

अर्धे पानसुद्धा भरले नव्हते. मास्तरांनी कागद काढून दिला. क्रिसोफोरोने प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून तो वाचला. मास्तरांनी सवयीने शाईची गादी पुढे केली. त्याने ती बाजूला सारली, पेन मागितले आणि आपले नाव लिहिले.

आता मी गावच्या वाचनालयात असतो. मुले येतात, माझी बटणे दाबतात आणि म्हणतात, अजून काय छान चालतो हा. त्या कौतुकाची मला लाज वाटते. मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमचे म्हणणे दुसरा कोणी लिहीत असेल, तर सही करण्याआधी ते अखेरच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायला सांगा. घरी जायची कितीही घाई असली तरी सांगा. आणि कधी लिहिणारे तुम्ही असाल, तर समोरचा माणूस जिथे थांबतो तिथे तुम्हीही थांबा.