वगीह उस्तादांची दुरुस्त पुस्तिका

आमच्या मुहर्रम बे मोहल्ल्यातल्या वगीह उस्तादांनी प्रिंटर घेतला तो खालच्या सुबहीमुळे. उस्ताद म्हणजे अरबी भाषेचे निवृत्त शाळा-तपासनीस. इमारतीच्या बंद लिफ्टबद्दल ते नगरपालिकेला अर्ज करत आणि छापून घ्यायला सुबहीच्या दुकानात जात. सुबही प्रत काढण्याआधी अर्ज मोठ्याने वाचायचा आणि गिऱ्हाइकं मतं द्यायची. एकदा एका मासेवाल्याने मायन्यात बदल सुचवला. त्याच दुपारी उस्ताद नवा प्रिंटर उचलून पाच जिने चढले.

खोक्यातून बारा भाषांतली पुस्तिका निघाली. अरबी पान उघडताच त्यांचा चेहरा उतरला.

"इनशिराह, ऐक. 'कागद तिच्या पोटात झोपवा. रेघा आल्यास डोकं धुवा.' कुणाचं डोकं?"

"मशीनचं असेल," मुलूखियाच्या भाजीची पानं निवडता निवडता त्यांची बायको म्हणाली.

"असेल? आणि हे बघ, 'गाडी घरी पोचेपर्यंत हात आत घालू नये.' कुणाची गाडी? कुठलं घर?"

त्यांनी अरबी पानं फाडून घेतली आणि लाल पेन काढलं. "ही शुद्ध होईपर्यंत यंत्राला कुणी हात लावायचा नाही." मग ते कोश घेऊन आतल्या खोलीत बसले.

चौथ्या दिवशी इनशिराहबाईंच्या बहिणीला हजच्या अर्जाची प्रत दुपारच्या आत हवी होती. उरलेल्या पुस्तिकेतली ग्रीक पानं बाईंनी समोर धरली. ग्रीक येत नव्हतं, पण चित्रं दिसत होती. त्यांनी निळ्या चिकटपट्ट्या सोलल्या, शाईचे डबे टक् आवाज येईपर्यंत दाबले, कागद लावला. पहिलं पान रेघारेघांचं आलं. चित्रातलं सफाईचं बटण शोधून त्यांनी दाबलं. दुसरं पान लख्ख निघालं.

आवाज ऐकून उस्ताद धावत बाहेर आले. "अगं, मी अजून पान सातवर आहे!"

"तुम्ही या सावकाश, उस्ताद. आम्ही पुढे जाऊन थांबतो."

ते दोन दिवस कोशातच डोकं घालून बसले. तिसऱ्या दिवशी हळूच प्रिंटरजवळ येऊन उभे राहिले. "ती गाडी... कुठे जाते गं?" बाईंनी झाकण उघडून दाखवलं: शाईचे डबे घेऊन सरकणारा तुकडा, आणि काम संपल्यावर उजव्या कोपऱ्यातली त्याची जागा. उस्तादांनी टिपून घेतलं. मग रोजच येऊ लागले. शाई वाळू नये म्हणून आठवड्याला एक रंगीत पान काढायचं, हेही त्यांनी बाईंकडूनच लिहून घेतलं.

दुरुस्त पानं त्यांनी अकरा पानी पत्रासह कंपनीला पाठवली. उत्तर आलं: "कागद अडकल्याची आपली तक्रार नोंदवली आहे. यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे." पाठोपाठ खमीस नावाचा, पन्नाशीचा, भरघोस मिशांचा कारागीर धापा टाकत वर आला.

"काय अडकलंय?"

"विशेषणं," उस्ताद म्हणाले आणि लाल खुणांची प्रत त्याच्या हातात दिली.

चहा निवला तरी खमीस वाचतच होता. शेवटी म्हणाला, "वीस वर्षं ही यंत्रं उघडतोय, उस्ताद. या पुस्तिकेत काय लिहिलंय ते आज कळलं. तुम्हाला यंत्रातलं इतकं कसं समजतं हो?"

उस्तादांनी घसा खाकरला. कंपनीला धाडलेल्या अकरा पानांत बायकोचं नाव एकदाही आलं नव्हतं.

"मला काही समजत नाही. हिला विचारून लिहिलं."

खमीसला एक प्रत हवी होती, शिवाय कार्यशाळेतल्या सहाजणांसाठी सहा. बाई छापायला उठल्या तसं उस्तादांनी त्यांना थांबवलं आणि पहिल्या पानावर एक ओळ वाढवली: 'अर्थ इनशिराह यांचा, व्याकरण वगीह यांचे.'

बाईंनी ती दोनदा वाचली. "माझं नाव आधी?"

"वर्णानुक्रमाने," उस्ताद खाली बघत म्हणाले.