हळदीच्या खोलीतलं नाव

फोन आला तेव्हा सोमेश्वर हळदीच्या रानात पाणी देत होता. लातूरच्या एका शिशुगृहात नऊ महिन्यांची मुलगी आहे, यादीत तुमचा नंबर लागलाय, फोटो आणि कागद बघून दोन दिवसांत कळवा, असं पलीकडच्या बाई म्हणाल्या. सोमेश्वर मोटार चालू ठेवूनच कुरुंद्यात घरी आला.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दत्तक घ्यायचं ठरवून नाव नोंदवल्याला साडेतीन. वैष्णवीनं मोबाइलवरचा फोटो पाहिला, मग तिच्या सासऱ्यांनी, ग्यानबांनी, तो डोळ्यांजवळ धरून पाहिला. 

"दोन दिवस काहून लागतेत?" ग्यानबा म्हणाले. "आत्ताच कळव की."

घरात खोल्या तीन. त्यातल्या पूर्वेच्या खोलीत हळदीची पोती असत. ग्यानबांनी दुसऱ्याच दिवशी सगळी पोती भावकीतल्या गोठ्याशेजारच्या शेडात हलवली. "उजेड त्याच खोलीत हाय. लेकरू तिथंच राहील," एवढंच बोलले.

खोली रिकामी झाली, पण भिंती माणूसभर उंचीपर्यंत पिवळ्या होत्या. सोमेश्वरनं घाईघाईनं चुना मारला आणि तासाभरात भिंत लालसर व्हायला लागली. रतनसिंग पेंटर बघायला आला तेव्हा तो हसतच सुटला. तो जवळच्या तांड्यावरचा, ट्रॉल्या आणि शाळेच्या भिंती रंगवणारा माणूस.

"सोमेश्वरभाऊ, हळदीवर चुना मारल्यावर कुंकूच होणार ना. घरात बायामाणसं असून कुणाला इचारलं न्हाई?"

सगळं खरवडून, धुऊन, वाळवून पुन्हा सुरुवात झाली. रतनसिंगनं जिराफ आणि हत्ती काढायची तयारी केली होती. वैष्णवी म्हणाली, "जिराफ तिला कुठं दिसणार हाय? आपली लाल गाय काढा. कानावरचा पांढरा ठिपका विसरू नका. आन् हळदीची पानं. विहिरीवरचं लिंबाचं झाडबी." रतनसिंग दोन दिवस गोठ्यात जाऊन गाय बघून आला. गाय काही त्याला एका जागी उभी राहीना.

वैष्णवीनं स्वतः वाकळ शिवायला घेतली. कापड सासूच्या लुगड्यांचं. सासू मनकर्णा चार वर्षांपूर्वी गेली होती. गावात, पाहुण्यांत कुणी वैष्णवीच्या रिकाम्या कुशीबद्दल तोंड उघडलं की मनकर्णा मध्ये पडायची. "माझी सून हाय, तिची काळजी मी करीन," म्हणून समोरच्याला गप्प करायची. एका शब्दानं तिनं सुनेला दुखवलं नव्हतं. त्यामुळं मुलीचं नाव काय ठेवायचं, हे वैष्णवीनं मनात कधीच पक्कं केलं होतं.

"मामा, पोरीचं नाव मनकर्णा ठेवू," ती सासऱ्यांना म्हणाली.

ग्यानबांनी मान हलवली आणि उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं परत आले ते रतनसिंगला बोलावूनच. पाळण्यावरच्या भिंतीवर हातभर निळ्या अक्षरात 'मनकर्णा' लिहून झालं. त्या संध्याकाळी ते कितीतरी वेळ त्या भिंतीसमोर बसून होते.

मुलीला पहिल्यांदा बघायला तिघंही लातूरला गेले. शिशुगृहात तिला सांभाळणाऱ्या जिवनबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी मुलीला सतरंजीवर बसवलं. मुलगी परक्या माणसांकडं बघून तोंड फिरवून बसली. वैष्णवीनं चुटक्या वाजवल्या, सोमेश्वरनं किल्ल्या खुळखुळवल्या. तिनं बघितलंच नाही. मग जिवनबाईंनी दारातून साध्या आवाजात हाक मारली, "निलम."

मुलीनं गर्रकन मान वळवली आणि दोन दात दाखवत हसली. हात टेकून ती जिवनबाईंकडं रांगत निघाली.

"नाव कुणी ठेवलं?" वैष्णवीनं विचारलं.

"मीच. आली तेव्हा तीन दिवसांची होती. कागदावर काहीतरी नाव लागतं, मला निलम सुचलं." जिवनबाईंनी मुलीला उचलून वैष्णवीच्या मांडीवर दिलं. "तुमी तुमचं ठेवा ताई. सगळेच बदलतात. चार दिवसांत होते सवय."

पोरगी वैष्णवीच्या गळ्यातली पोत धरून बसली. पहिल्यांदाच तिचा भार मांडीवर आला होता, आणि वैष्णवीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

सह्या झाल्या. उरलेले कागद पूर्ण करून आठ दिवसांनी घेऊन जा, असं सांगण्यात आलं. गाडी परत निघाली. वैष्णवीच्या कानात ती 'निलम'ची हाक होती, पण सासऱ्यांपुढं विषय कसा काढावा हे तिला कळेना. ज्या माणसानं बायकोच्या नावापुढं बसून संध्याकाळ काढली, त्याला काय सांगणार?

नांदेडच्या अलीकडं चहाला थांबले. ग्यानबांनी कप खाली ठेवला.

"सोमेश्वर, बाजारातून बैल आणला तर आपण काय करतो?"

"काय करतो?"

"इकणाऱ्याला त्याचं नाव इचारतो. त्याच नावानं हाक मारतो. दावणीला आणून नाव बदललं तर जनावर बावरतं." त्यांनी कप बाजूला सारला. "हे तर लेकरू हाय. आईबाप बदलून राहिले, घर बदलून राहिलं. तिच्याजवळ तिचं म्हणून एक नावच हाय. ते कशाला काढून घ्यायचं?"

"पण मामा, आत्याबाई..." वैष्णवी म्हणाली. सासूला ती आत्याबाईच म्हणायची.

"तिला राग येणार न्हाई. तिला पोरीची हौस होती, नावाची न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी वैष्णवी उठून बघते तर ग्यानबा हळदीच्या खोलीत ब्रश घेऊन उभे. रतनसिंगची वाट त्यांनी पाहिली नव्हती. 'मनकर्णा'वर त्यांनी आपल्या हातानं पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, सावकाश, एकेका अक्षरावरून. वैष्णवी डबा धरून शेजारी उभी राहिली. दुपारी रतनसिंगनं येऊन त्या जागी 'निलम' लिहिलं. 

निलम घरी आली आणि पहिले दोन दिवस त्या खोलीत नेलं की रडायची. गाय दाखवली, वाकळ अंथरली, पाळणा हलवला, काही उपयोग नाही. तिसऱ्या दुपारी वैष्णवीनं थकून जिवनबाईंना फोन लावला.

"तिला एकटीची खोली माहीतच न्हाई ताई," जिवनबाई म्हणाल्या. "इथं बारा लेकरं एका हॉलमध्ये. कलकलाटात झोपते ती. तुमी सगळे तिथंच बसा, बोलत राहा. आन् डाव्या कुशीवर घेऊन पाठीवर थोपटा."

मग सगळं घरच त्या खोलीत आलं. सोमेश्वर शेंगा फोडत बसला. ग्यानबा पावसाच्या, पाटाच्या गोष्टी मोठ्यानं सांगू लागले. दहा मिनिटांत निलम झोपली. ग्यानबांनी सुनेकडून फोन मागून घेतला आणि जिवनबाईंना पुन्हा लावला.

"बाई, नऊ महिने तुमी तिला जपलं. आमी नव्हतो तवा तुमी होता. बारशाला या. सोमेश्वरला बहीण न्हाई, लेकराच्या कानात नाव सांगायला आत्या न्हाई. ते तुमीच सांगायचं."

 "इतकी लेकरं दिली मी लोकांना," जिवनबाई म्हणाल्या. "घरी नेल्यावर लेकरू कसं झोपतं म्हणून आजपर्यंत कुणी फोन केला न्हाई."

बारशाला त्या आल्या. लातूरहून सकाळच्या गाडीनं, पिशवीत एक झबलं आणि खुळखुळा घेऊन. गावच्या बायांनी पाळणा धरला. जिवनबाई वाकल्या, निलमच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. निलमनं त्यांची वेणी पकडली ती सोडेचना. बाया हसल्या. वैष्णवीनं पुढं होऊन जिवनबाईंची ओटी भरली आणि वाकून नमस्कार केला. त्या मागं सरकल्या, "ताई, मला काहून?" म्हणू लागल्या.

"हे तिचं आजोळ हाय," ग्यानबांनी जिवनबाईंकडं हात करून जमलेल्या पाहुण्यांना सांगितलं आणि त्यांना ताट वाढायला उठले.