दरीतल्या दाराचा वाटा

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल टॉवर आहे. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरात, गावच्या चौकात, चर्चच्या मागे उभा आहे. अकरा वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी श्रमदान करून माझे लोखंडी भाग खांद्यावरून वर आणले. त्यांत खालच्या दरीतले कॉफी पिकवणारेही होते. मी ते विसरलेलो नाही.

माझं काम वाटपाचं. दर क्षणाला माझ्याकडे इंटरनेटचे ठरावीक घास असतात आणि ते सगळ्या फोनांना वाढायचे असतात. चौकातला फोन एका घासात जेवढं उचलतो, तेवढ्यासाठी लांबच्या दरीतल्या फोनला दहा घास लागतात. तंत्रज्ञाने मला नियम लावून दिला : जो भराभर उचलेल, त्याला आधी. त्याने एकूण आकडा फुगतो.

माझी देखभाल करणाऱ्या गावसमितीचा फिदेन्सिओ दर महिन्याला माझ्या पायाशी उभा राहून वेग मोजायचा. "घोडा आहे घोडा!" म्हणत मला थोपटायचा. त्या कौतुकाची मला चीड यायची.

मग गावच्या संताचा उत्सव आला. भर दुपारी चौकात बँड वाजत होता आणि दोनशे फोन लॉस एंजेलिसमधल्या भावाबहिणींना नाच दाखवत होते. त्याच वेळी दरीत सोइला बाळंतपणात अडली होती. ओब्दुलिया सुईण दवाखान्याची जीप बोलवायला फोन लावत होती. इथले सगळे लावतात तसाच, इंटरनेटवरून. चाळीस मिनिटं तिची हाक माझ्यापर्यंत येत होती. नियमाप्रमाणे मी चौकाला वाढत राहिलो. शेवटी सोइलाचा नवरा धावत डोंगर चढून आला.

सोइला वाचली. बाळ वाचलं नाही.

सभेत फिदेन्सिओने आकडे वाचले. "मावशी, वेग तर उत्तम आहे."

"चुलीपाशी बसून सांगतोस होय रे, गावात थंडी नाही म्हणून?" ओब्दुलिया म्हणाली. "खाली ये. माझ्या दारात उभा राहून मोज."

"माझे गुडघे दुखतात, मावशी."

"सोइलाच्या नवऱ्याला गुडघे नव्हते?"

सभेने हात वर केले. नियम बदलला : दूरच्यालाही त्याचा वाटा. वेग ओब्दुलियाच्या दारात मोजायचा, असंही ठरलं.

त्याला तीन महिने झाले. दरीतले फोन आता लागतात. चौकातली चित्रं मधूनमधून अडकतात आणि लोक म्हणतात, "टॉवर म्हातारा झाला." फिदेन्सिओ अजून माझ्याच पायाशी उभा राहून मोजतो, आकडा घसरला म्हणून मान हलवतो. दरीत तो एकदाही उतरलेला नाही. येत्या रविवारी जुना नियम परत आणायचा का, यावर सभा हात वर करून ठरवणार आहे.

मित्रांनो, मला हात नाहीत. ज्यांना आहेत, त्यांनी ते वर करण्याआधी एकदा दरी उतरून यावं, एवढंच माझं मागणं आहे.