तीन घरं पलीकडे गेलेला डबा

मी स्टीलचा डबा बोलतोय. लावा पैज. मी तीन घरं सोडून पलीकडे गेलो होतो, तिथून परत कसा आलो ते ओळखा. नाही जमणार. भले शिकलेले असाल.

मी नाही शिकलेला. पोटावर कोरलंय, 'सौ. पद्मजा, १९७९', तेवढीच माझी अक्षरओळख. बाईच्या बॅगेतून नागपूरहून अमेरिकेत मिशिगनला आलो, तिथल्या ट्रॉय गावात म्हातारा झालो. झाकण सैल झालंय. माझं, आणि तिच्या नवऱ्याचं, गिरीशरावांचंही.

तीन घरं सोडून व्हर्नन राहतो. काळा माणूस, गणिताचा रिटायर्ड मास्तर. तो लहान असताना त्याच्या आईबापाला, काळे म्हणून, या भागात कुणी घर विकेना. मग मोर्चे निघाले, कायदा झाला. आता त्याचं घर गिरीशरावांच्या घरापेक्षा मोठंय. बाईनं त्याला एक शिकवलं, डबा रिकामा परत करायचा नाही. मास्तर पक्का. चकली गेली की कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याचा पाव, येणार.

एका रविवारी दुपारी नवराबायको देवळात गेलेली. व्हर्नन मला पायरीवर ठेवायला वाकला. दारावरच्या कॅमेऱ्यातून त्यांचा मुलगा अमित बघत होता, तिकडे पार दुसऱ्या टोकाला, रेडमंड शहरात बसून. अमितच्या अंगणात समानतेची पाटी रोवलीय बरं का, पावसानं धुऊन लख्ख. त्यानं पोलिसांना फोन लावला.

दोन गाड्या आल्या. "हात वर."

व्हर्ननने केले. एका हातात मी. उन्हात असा चमकलो की पोलिसाचा हात कमरेच्या पिस्तुलाला गेला. जन्मभर चमकायची हौस, त्या दिवशी वाटलं, काळं पडलेलं पातेलं असतो तर बरं. मग म्हटलं, नको, ते तर आणखीच वाईट.

"टाक ते."

टाकलं. मला पोचा आला. पंचाहत्तरीच्या मास्तरला अर्धा तास रस्त्याकडेला बसवला. दोघं देवळातून आली तेव्हा सुटला.

मग फोन झाला.

"आई, आय स्वेअर, मी रंग बघून नाही केलं."

"मागल्या महिन्यात तो गोरा पोरगा थेट मागच्या दाराशी गेला, तेव्हा नाही केलास?"

"तो डिलिव्हरीवाला वाटला यार."

"यार कुणाला म्हणतोस? आणि मग हा कोण वाटला?"

अमितचं नेटवर्क गेलं. रेडमंडला जातं असं, बरोब्बर वेळेवर.

बाईनं माझ्यात बेसनाचे लाडू भरले, स्वतः नेऊन दिले, रडली. "इट्स ओके, पद्मा," म्हणाला व्हर्नन.

कसलं ओके. तीन आठवडे रोज मला भरायचा, उचलायचा, दारापर्यंत न्यायचा आणि परत ओट्यावर ठेवायचा. कॉर्नब्रेड स्वतःच खायचा. शेवटी एका सकाळी ताजा भरला, मला खोक्यात घातलं, चिकटपट्टी मारली आणि पोस्टात नेलं.

हरलात ना पैज? दोन दिवस गोदामात लोळलो. मग पोस्टमन आला, त्याच पायरीवर वाकला, ठेवून गेला. कुणी फोन केला नाही.

गिरीशरावांनी चष्मा लावून खोक्यावरचं तिकीट वाचलं. अठरा डॉलर चाळीस सेंट. तीन घरांचे.