गारठलेला वैशाख

सुशीला सिस्टरच्या तळहातांची सळसळ आधी कानी यायची. बाळाला स्पर्श करण्यापूर्वी ती दोन्ही तळवे एकमेकांवर असे घासायची, की ठिणगी उडून शेजारची कडब्याची गंजी पेटेल अशी मला धास्ती वाटे. दवाखान्यातली ही परिचारिका बाळंतिणींच्या भेटीला आमच्या मेहरूण भागात पायी हिंडायची. दुपारच्या धगधगत्या प्रकाशात तिची शुभ्र साडी विरघळून जाई आणि नुसती एक काळी छत्री तरंगत येताना दिसे.

सत्त्याऐंशीच्या वैशाखात जळगावचं ऊन असं पेटलं होतं, की कावळे चोचीत पाणी धरून उडत होते. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा. त्या ज्वालामय ऋतूत माझी दुसरी मुलगी जन्मली, चिमणीएवढी, आणि तिसऱ्या दिवशी घरी आली. तिच्या स्वागतार्थ मी गल्लीतला पहिला कूलर आणला. वाळ्यातून झिरपणारा सुगंधी वारा, खिडक्यांवर ओली पोती. खोलीचं मी महाबळेश्वर करून टाकलं. बाळ बघण्याच्या मिषाने अर्धी गल्ली घाम वाळवून गेली. कूलरचं तोंड अर्थातच पाळण्याकडे.

"कितली गुनी पोर शे! रडस बी नही," माझी आई प्रत्येकाला सांगत होती. पोर सकाळपासून दूधही ओढत नव्हती. झोपाळू आहे, म्हणून आम्ही कौतुकच केलं.

त्या दुपारी सिस्टर आली, तिने बाळाची पावलं मुठीत धरली आणि तिच्या बांगड्यासुद्धा वाजायच्या थांबल्या.

"अक्का, ही गुणी नाही, गारठलीय. रडायचं बळच नाही अंगात. आणि भाऊ, पोरगी आणलीत की बर्फाची लादी? बंद करा ते धूड!"

"अहो सिस्टर, बाहेर आग पडतेय..."

"बाहेर! ती पाळण्यात आहे."

कूलर थांबला. त्या घरघरीखाली दडलेली बाळाची निःशब्दता एकाएकी खोलीभर पसरली. सिस्टरने बाळाचे ओलसर कपडे उतरवले, टोपडं तेवढं घातलं, आणि तिला मंदाच्या, माझ्या बायकोच्या, उघड्या छातीवर पालथं निजवून वरून गोधडी ओढली. "अर्धा तास बघू. नाही ओढलं, तर थेट मोठ्या दवाखान्यात."

ओट्यापासून मोरीपर्यंत फेऱ्या घालत मी तेवढ्यात धुळ्याला जाऊन आलो असेन, तेही दोनदा. मंदा माझ्याकडे बघत नव्हती, तेच बरं होतं. भिंतीवरचा कवडसा मुंगीच्या पावलांनी सरकत होता. सिस्टरने ना धीर दिला ना दोष. ती बाजेशी उकिडवी बसून गोधडीत हात घाले, टाच चाचपे, दुधाचा थेंब त्या निळसर ओठांना लावी, पुन्हा वाट पाही.

मग गोधडीतून चुटचुट असा एक सूक्ष्म, हावरट आवाज आला.

"ओढस वं माय, ओढस!" आई किंचाळलीच.

"झालं आता," म्हणून सिस्टर उठली, तांब्याभर पाणी घटाघटा प्याली आणि पुढच्या घरी गेली.

पावसाळ्यानंतर तिची शिंदखेड्याकडे बदली झाली. मुलीला दाखवून आणू, म्हणता म्हणता मुलगी शाळेत गेली, माझ्या खांद्याला लागली. सिस्टरचा ठावठिकाणा मात्र हरवला. इतकी वर्षं डोळ्यांदेखत सरून गेली. तो अर्धा तास तेवढा माझ्यात अजून संपायचा आहे, आणि 'झालं आता' असं सांगणारं इथे कुणी नाही.