उलटवलेला कोट

व्हर्नाने जुना केलेला शेवटचा कोट मार्चमध्ये माझ्या टेबलावर आला. ती जानेवारीत वारली. हॉलिवूडजवळच्या बरबँकमधल्या या वर्कशॉपमध्ये मी सिनेमांसाठी कपडे बेततो आणि शिवतो. माझे नवे कपडे झिजवून, मळवून वर्षानुवर्षं वापरल्यासारखे करायचे, हे तिचं काम होतं.

हा कोट ज्या सिनेमासाठी होता, तो एका कादंबरीवरचा. त्यातला मेकॅनिक मंगळावर अठरा वर्षं एकच कोट वापरतो. व्हर्नाने कादंबरी तीनदा वाचली होती. मेकॅनिक डावखुरा, म्हणून तिने डावी बाही आणि डाव्या खिशाची कड जास्त झिजवली होती. नट मात्र उजव्या हाताचा निघाला.

"डाव्या हाताने पाना धरायला लावून बघितलं," वेशभूषाकार इन्ग्रिड म्हणाली. "तीनदा स्वतःच्या पायावर पाडला. दिग्दर्शक म्हणतो, उजवा हातच राहू दे."

"मग कोट?"

"पॉलिश पेपरने उजवी बाजूही घास. सोमवारी शूटिंग आहे, लेस्टर. दुसऱ्या कोटाला कापड उरलेलं नाही."

"मी घासलं तर घासल्यासारखंच दिसेल. तिचं कामही वाया जाईल."

"मग तूच सांग काय करू. मला काय ती आवडत नव्हती?"

मी शुक्रवारपर्यंत वेळ मागितला.

माझे आजोबा विटलेले कोट उसवून, आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवत. डावी बाही मग उजवीकडे येते. या कोटाला अस्तर नव्हतं, त्यामुळे जमण्यासारखं होतं. पण आतलं कापड कोरं असणार. कॅमेऱ्याला दिसत नाही तिथे कोण वेळ घालवतं?

कॉलरपासून उसवायला घेतलं. आत मानेशी घामाचा पिवळा पट्टा होता. काखेत डाग होते. खिशामागे तेलकट बोटं पुसलेली होती. आतून सगळा कोट अठरा वर्षांचा होता. मी उठून तोंडावर पाणी मारून आलो आणि राहिलेलं उसवलं.

शुक्रवारी नटाने कोट घातला. त्याचा उजवा हात सरळ झिजलेल्या खिशात गेला.

"बटणं उलटीकडे आलीत," इन्ग्रिड म्हणाली.

"मंगळावर कोण बघतंय?"

ती हसली. कोटाच्या चिठ्ठीवर तिने लिहिलं, 'जुना केला: व्हर्ना.' मग पेन तसंच धरून विचारलं, "उलटवला लेस्टरने, हेही लिहू?"

"नको," मी म्हणालो. "त्याला हात वर करायला सांग. काखेत ओढतोय का ते बघू."